मेंदू पुन्हा शिकतो

(शिरगाव, जिल्हा पालघर येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या बोलीत एक शब्दप्रयोग आहे : ‘अंगावरून वारे गेले’. पक्षाघाताला आपल्या आजी-आजोबांनी दिलेले हे नाव. काल संध्याकाळपर्यंत जाळे विणणारा, वाडीत पाणी लावणारा किंवा तारापूरच्या कारखान्यातून पाळी संपवून आलेला धडधाकट माणूस सकाळी उठतो तो एका अंगाने लुळा पडलेला असतो. तोंड वाकडे झालेले असते, शब्द फुटत नाही. धावपळ होते, रुग्णालय होते, काही दिवसांनी माणूस घरी येतो. पडवीच्या कोपऱ्यात त्याची खाट पडते. घरची माणसे मायेने भरवतात, पाणी पाजतात, कूस बदलून देतात. भेटावयास येणारे हळू आवाजात म्हणतात, “आता देवाच्या हाती.” आणि त्या कोपऱ्यातच त्या माणसाचे उरलेले आयुष्य सरते.

आज मला आपणांशी बोलावयाचे आहे ते या कोपऱ्याविषयी. मी वैद्य नव्हे. कला शाखेचा पदवीधर आणि माहिती खात्याचा सेवक या नात्याने, तज्ज्ञांनी सिद्ध केलेली गोष्ट लोकांच्या भाषेत लोकांपर्यंत नेणे एवढेच माझे काम. ती गोष्ट अशी की, इजा झालेला मेंदू कायमचा निकामी होतोच असे नाही. तो पुन्हा शिकू शकतो. परंतु त्याला शिकवावे लागते, वेळेवर शिकवावे लागते आणि पुष्कळ शिकवावे लागते. म्हणून हा विषय जितका डॉक्टरांचा, तितकाच शिक्षकांचा आणि पंचायतीचाही आहे.

जुनी समजूत

मेंदूविषयी मानवाची समजूत फार सावकाश बदलत गेली. १८६१ साली पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यविशारदाने, वाचा गेलेल्या एका रुग्णाच्या मृत्यूनंतर त्याचा मेंदू तपासून दाखवून दिले की, बोलण्याची क्रिया डाव्या मेंदूच्या एका विशिष्ट भागाशी निगडित आहे. त्यावरून मेंदूचे जणू तालुके-जिल्हे आखले गेले. हा भाग हाताचा, हा पायाचा, हा वाचेचा. भाग नष्ट झाला की काम संपले, असा निष्कर्ष त्यातून ओघानेच निघाला.

पुढे सांतियागो रामोन इ काहाल या थोर स्पॅनिश शास्त्रज्ञाने चेतापेशींची सूक्ष्म रचना उलगडून दाखविली आणि त्याबद्दल त्याला १९०६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९१३-१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने असे मत मांडले की, प्रौढ माणसाच्या मेंदूतील मार्ग ठरून गेलेले असतात, त्यांचे पुनरुज्जीवन होत नाही. मात्र उद्याच्या विज्ञानाने हा कठोर निर्णय शक्य तर बदलावा, अशी आशाही त्याने व्यक्त केली होती. शास्त्राने पुढे त्याची ही आशा बऱ्याच अंशी खरी केली. पण समाजाच्या मनात आणि आपल्या पडवीत अजून त्याचा निर्णयच चालू आहे.

वापरातून पडणारी वाट

मेंदूचे वजन सुमारे सव्वा ते दीड किलो. शरीराच्या वजनाच्या मानाने हा हिस्सा अवघा दोन टक्के, पण शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा तो एकटा खर्च करतो. त्यात सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. एक पेशी हजारो पेशींशी जोडलेली असते. जेथे एक पेशी दुसरीला निरोप देते त्या जागेला चेतासंधी म्हणतात. आपण जे काही शिकतो ते या संधींच्या बळकटीतून शिकतो. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब याने १९४९ साली हे तत्त्व मांडले. ज्या पेशी वारंवार एकत्र काम करतात, त्यांच्यातील जोड घट्ट होत जाते, असा त्याचा आशय. उलट, ज्या जोडांचा वापर होत नाही ते हळूहळू क्षीण होतात.

शेतातील पायवाटेसारखेच हे आहे. पावसाळ्यात बांध फुटला, नेहमीची वाट वाहून गेली, तर पहिला माणूस चिखलातून कशीबशी दुसरी वाट काढतो. दहावा माणूस त्याच पावलांवर पाऊल टाकतो. दसऱ्यापर्यंत तेथे नवी पायवाट तयार होते. वाहून गेलेला बांध परत आलेला नसतो, पण जाणे-येणे सुरू झालेले असते. मेंदूच्या या गुणाला आपण घडणशीलता म्हणू.

पक्षाघातानंतर ही घडणशीलता निरनिराळ्या रीतींनी काम करते. पहिल्या काही दिवसांत इजेभोवतालची सूज उतरते आणि केवळ स्तब्ध झालेले भाग पुन्हा कामाला लागतात. पूर्वीपासून असलेल्या, पण न वापरलेल्या आडवाटा उघडतात. शाबूत पेशींना नवे फाटे फुटतात. शेजारचा भाग मृत भागाचे थोडेफार काम उचलतो, आणि काही वेळा मेंदूचा दुसरा अर्धही मदतीला येतो. यांपैकी सूज उतरणे आपोआप होते. बाकीचे बरेचसे वापरावर अवलंबून असते.

रँडॉल्फ नूडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने ही गोष्ट स्पष्ट केली. माकडांच्या मेंदूतील, हाताशी संबंधित भागाच्या छोट्याशा तुकड्याला इजा करण्यात आली. ज्या माकडांना काहीच शिकविले नाही, त्यांच्या मेंदूतील हाताचा शेजारचा, शाबूत राहिलेला प्रदेशही आक्रसत गेला. ज्यांच्याकडून दुबळ्या हाताने लहान खळग्यांतून खाद्याच्या गोळ्या काढण्याचा सराव रोज करून घेतला, त्यांचा तो प्रदेश टिकला. काहींच्या बाबतीत तो कोपर व खांदा यांच्या प्रदेशातही पसरला. म्हणजे सराव केला तर लाभ होतो एवढेच नव्हे, सराव केला नाही तर जे वाचले आहे तेही जाते. खाटेवर मायेने निजवून ठेवलेल्या रुग्णाच्या मेंदूत नेमके हेच घडण्याचा धोका असतो.

हा गुण मुलांपुरता मर्यादित आहे असेही नाही. लखनौजवळच्या खेड्यांतील तिशीच्या आसपासच्या निरक्षर स्त्रियांना सहा महिने देवनागरी वाचन शिकविण्यात आले आणि आधी व नंतर त्यांच्या मेंदूची तपासणी करण्यात आली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, दृष्टीशी संबंधित असलेले मेंदूतील खोल भाग आणि वरच्या थरातील दृष्टीचे क्षेत्र यांचे काम शिक्षणानंतर अधिक जुळून आलेले दिसले. प्रौढ साक्षरतेचे वर्ग चालविलेल्या शिक्षकांना यात नवल वाटणार नाही. ‘या वयात काय शिकणार’ हे वाक्य त्यांनी अनेकदा ऐकले आहे आणि अनेकदा खोटे ठरविले आहे.

एका शिक्षकाची गोष्ट

आता एका शिक्षकाचीच गोष्ट सांगतो. पेद्रो बाक-इ-रीता हे न्यूयॉर्कमधील एका महाविद्यालयात शिकवीत. १९५० च्या दशकाच्या अखेरीस, वयाच्या पासष्टीच्या सुमारास त्यांना पक्षाघात झाला. अर्धे अंग गेले, वाचा गेली. नेहमीचे उपचार संपल्यावर सुधारणेची आशा कोणी देईना. त्यांचा धाकटा मुलगा जॉर्ज तेव्हा वैद्यकाचा विद्यार्थी होता. पुनर्वसनशास्त्र त्याला ठाऊक नव्हते. त्याने साधा विचार केला : मूल आधी रांगते, मग चालते, तर बाबांनाही आधी रांगू द्यावे.

वृद्ध प्राध्यापक भिंतीच्या आधाराने रांगू लागले. शेजाऱ्यांना हे क्रूर वाटले. मुलाने त्यांना जमिनीवर गोट्या खेळावयास लावल्या, दुबळ्या हाताने भांडी घासावयास लावली. आठवडे गेले, महिने गेले. ते उभे राहिले, चालू लागले, बोलू लागले आणि पुन्हा अध्यापन करू लागले. काही वर्षांनी, १९६५ साली, डोंगरावर गेले असता हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. मृत्यूनंतर मेंदू तपासला तेव्हा पक्षाघाताने झालेली प्रचंड हानी जशीच्या तशी आढळली. जखम भरली नव्हती. मेंदूने जखमेला वळसा घालून मार्ग काढला होता. त्यांचा थोरला मुलगा पॉल याने पुढे आपले आयुष्य याच विषयाच्या संशोधनाला वाहिले.

अमेरिकेतील एडवर्ड टॉब यांनी याच्या मुळाशी असलेली एक अडचण ओळखली. रुग्ण दुबळा हात दोन-चार वेळा वापरून पाहतो, जमत नाही, मग चांगल्या हाताने काम उरकतो. होता होता हात न वापरण्याचीच सवय जडते. हात थोडा सुधारला तरी ती सवय सुटत नाही. यावर त्यांनी उपाय काढला तो असा की, चांगला हात मोज्यात बांधून ठेवावा आणि दुबळ्या हातालाच काम करावयास लावावे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, पक्षाघात होऊन तीन ते नऊ महिने झालेल्या २२२ रुग्णांवर हा प्रयोग झाला. मनगट व बोटे थोडीतरी हलविता येणाऱ्या या रुग्णांना दोन आठवड्यांच्या कसून केलेल्या सरावाचा लाभ झाला आणि तो वर्षभरानंतरही टिकला.

मायेला मार्गदर्शनाची जोड

येथवर ऐकून कोणी म्हणेल, मग काय, घरोघरी जॉर्ज तयार करा, काम झाले! मित्रांनो, दुर्दैवाने गोष्ट इतकी सोपी नाही, आणि शासनाच्या सेवकाने अर्धेच सत्य सांगून लोकांना आशेला लावणे बरे नव्हे.

आपल्या देशातच याची मोठी परीक्षा झाली. भारतातील १४ रुग्णालयांत पक्षाघाताच्या १,२५० रुग्णांवर एक अभ्यास करण्यात आला आणि त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या रुग्णांना नेहमीचे उपचार दिले. उरलेल्या निम्म्यांच्या एकेका नातेवाइकाला, घरी व्यायाम कसा करून घ्यावा याचे शिक्षण रुग्णालयात दिले आणि घरी गेल्यावर दोन महिने ते चालू ठेवण्यास सांगितले. सहा महिन्यांनी पाहिले तर दोन्ही गटांत मृत्यू पावलेल्या वा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण सारखेच निघाले : दोन्हीकडे ४७ टक्के.

या आकड्याने निराश होण्याचे कारण नाही, पण त्यातून बोध घेतला पाहिजे. तीन दिवसांच्या तोंडओळखीवर घरच्या माणसाला तज्ज्ञाच्या जागी उभे करता येत नाही, हा तो बोध. जॉर्ज वैद्यकाचा विद्यार्थी होता आणि त्याच्याकडे महिनोन् महिने मोकळे होते. आपल्याकडे ज्या सुनेवर किंवा मुलीवर हे काम पडते, तिला पहाटे पाणी भरावयाचे असते, बाजार गाठावयाचा असतो, मुलांना शाळेत धाडावयाचे असते. तिच्या हातात एक कागद देऊन आपण मोकळे झालो तर तो तिच्यावर अन्याय होईल.

सरावाचे मोजमापही ध्यानात घ्यावे. प्राण्यांच्या प्रयोगांत मेंदूत बदल घडविण्यासाठी एकच हालचाल दिवसाला शेकडो वेळा करून घेतात. अमेरिकेतील उपचार केंद्रांची पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली, तीत हाताच्या उपयुक्त हालचालींचा सराव एका बैठकीत सरासरी अवघा ३२ वेळा होतो, असे आढळले. संपन्न देशातील ही स्थिती, तर आठवड्यातून एकदा तालुक्याला जाऊन येणाऱ्या आपल्या रुग्णाची काय असेल?

घाईही उपयोगाची नाही. पक्षाघात झाल्यापासून २४ तासांच्या आत रुग्णाला वारंवार उठवून चालविण्याचा प्रयोग दोन हजारांहून अधिक रुग्णांवर झाला. २०१५ साली त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा अशा अतिघाईने परिणाम उलट थोडा वाईटच होतो, असे दिसले. केव्हा सुरू करावे आणि किती करावे हे जाणकारानेच सांगितले पाहिजे. आणखी एक गोष्ट. मोठी इजा झालेले काही रुग्ण कितीही प्रयत्न केले तरी पुरते सुधारत नाहीत. त्यांना ‘तुझी जिद्दच कमी पडली’ असे कोणी म्हणू नये. वाट काढावयास थोडी तरी कोरडी जमीन उरलेली असावी लागते.

तेव्हा प्रश्न असा उरतो की, तज्ज्ञाचे ज्ञान आणि घरचा रोजचा सराव यांची सांगड खेड्यात कशी घालावी? याचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. ते आपल्याच जिल्ह्यातील एका टेकडीवर आहे. मात्र तेथे जाण्यापूर्वी लहान मुलांच्या मेंदूविषयी थोडे बोलले पाहिजे.

मुदत असलेली दारे

मेंदू जन्मभर शिकतो हे खरे, पण काही गोष्टी शिकण्याची दारे बालपणी सताड उघडी असतात आणि पुढे हळूहळू लोटली जातात. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी १९६० च्या दशकात मांजरीच्या पिलांवर प्रयोग केले. पहिल्या काही महिन्यांत पिलाचा एक डोळा झाकून ठेवला, तर पुढे तो उघडूनही पिलाला त्या डोळ्याने नीट दिसेना. डोळा निर्दोष होता, पण त्याच्या वाट्याची मेंदूतील जागा दुसऱ्या डोळ्याने घेतली होती. या कार्यासाठी त्यांना १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

हेच माणसाच्या मुलाला लागू आहे. तिरळेपणाकडे ‘मोठेपणी जाईल’ म्हणून दुर्लक्ष केले, तर तो डोळा मंद होऊन बसतो. जन्मतः बहिऱ्या मुलाच्या मेंदूतील ऐकण्याचे केंद्र आवाजाची वाट पाहत राहते. आवाज मिळाला नाही की ते दुसऱ्या कामाकडे वळते. कानात शस्त्रक्रियेने बसविण्याच्या श्रवणयंत्राचा सर्वांत चांगला उपयोग साधारण साडेतीन वर्षांच्या आत होतो, असे अभ्यासातून दिसले आहे. म्हणूनच जन्मापासून एक महिन्यात श्रवणाची चाचणी, तीन महिन्यांत निदान आणि सहा महिन्यांत उपचारास आरंभ, अशी कालमर्यादा तज्ज्ञ सांगतात. ‘आमच्या घराण्यात मुले उशिराच बोलतात’ असे म्हणत आपण जी दोन वर्षे घालवितो, ती त्या मुलाला पुन्हा मिळत नाहीत.

दारे लोटली जातात, पण त्यांना कुलूपच लागते असे नाही. प्राध्यापक पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’ या उपक्रमात, जन्मापासून मोतीबिंदूमुळे न दिसणाऱ्या उत्तर भारतातील मुलांवर आठ ते सतरा वर्षे अशा उशिराच्या वयातही शस्त्रक्रिया झाल्या. पट्टी सोडल्यावर, हाताने चाचपून ओळखलेली वस्तू या मुलांना नुसत्या डोळ्यांनी ओळखता आली नाही. पण थोड्याच दिवसांत त्यांतील काही ते शिकली. म्हणून लवकर करावे, आणि उशीर झाला असला तरी सोडून देऊ नये, असे दुहेरी सूत्र ध्यानात ठेवावे.

आपल्या जिल्ह्याला या बाबतीत एक मान मिळालेला आहे. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करून जन्मजात व्यंगे, आजार, पोषणातील उणिवा आणि वाढीतील विलंब वेळीच हुडकणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशपातळीवरील शुभारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे झाला. त्या वेळी पालघर ठाणे जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. या कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यावीत, अशी योजना आहे. पथक येईल त्या दिवशी एकही मूल गैरहजर राहणार नाही हे पाहणे मात्र पथकाच्या हाती नसते, ते गावाच्या हाती असते.

कोसबाडची शिकवण

आता त्या टेकडीकडे वळू. १९४५ साली ताराबाई मोडक डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे आल्या आणि त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ यांनी त्यांना साथ दिली. १९५० च्या दशकात हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये गेले. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री या किताबांनी गौरविण्यात आले, हे आपण जाणताच.

त्यांच्या पुढची अडचण मोठी होती. शाळा काढली तरी मुले येत नसत. मग त्यांनी प्रश्न उलटा केला. मूल शाळेत येत नसेल तर शाळाच मुलाकडे का जाऊ नये? वाडीतल्या अंगणात बालवाडी भरू लागली, तीच अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरली, ती कुरणशाळा. परदेशी बनावटीची महागडी शैक्षणिक साधने परवडणारी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, खडे, बिया, पाने हीच साधने झाली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांच्या रूपाने अंगणवाडी हा शब्द देशभर गेला.

ताराबाई-अनुताईंनी मेंदूच्या घडणशीलतेचा सिद्धांत मांडला नव्हता, पण त्यांची पद्धत त्या सिद्धांताला तंतोतंत धरून होती. शिक्षण लवकर सुरू व्हावे, रोज व्हावे, हातांनी करावयाचे असावे, मुलाच्या आयुष्यातल्या वस्तूंनी व्हावे आणि प्रशिक्षित व्यक्ती त्याच्याजवळ नियमितपणे असावी. शेवटच्या गोष्टीकडे मी आपले विशेष लक्ष वेधतो. त्यांनी आईच्या हाती कागद देऊन तिला शिक्षिका होण्यास सांगितले नाही. त्यांनी शिक्षिका अंगणात पाठविली.

पक्षाघाताच्या रुग्णासाठी, अपघातात डोक्याला मार लागलेल्या तरुणासाठी आणि मेंदूच्या इजेमुळे हातपाय आखडलेल्या मुलासाठी आपल्याला नेमके हेच करावयाचे आहे. रुग्ण उपचारापर्यंत जात नसेल, तर उपचार अंगणापर्यंत गेला पाहिजे. साधनेही येथलीच चालतील. जाळ्याची गाठ मारणे, वाल सोलणे, शिंपले वेचून डब्यात टाकणे, बादलीतले पाणी तांब्याने उपसणे, दाराची कडी काढणे-घालणे ही सगळी दुबळ्या हाताची कामेच आहेत. रुग्णाला ज्या कामाचे मोल वाटते, त्या कामाचा सराव तो अधिक मन लावून करतो. पण कोणते काम, किती वेळा आणि केव्हा वाढवावयाचे, हे सांगणारा जाणकार ठरावीक दिवशी दाराशी आला पाहिजे.

आपण काय करावे

पंचायत सदस्यांना माझी पहिली विनंती अशी. गावात पक्षाघात, मेंदूची इजा किंवा बालपणापासूनचे अपंगत्व असलेल्या व्यक्ती किती व कोण, याची यादी आशा स्वयंसेविकांच्या मदतीने करावी. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची आहे, हे आपणांस ठाऊक आहेच. ही रक्कम वर्षाअखेरीस वस्तू वाटून संपविण्याऐवजी तिच्यातून भौतिकोपचार तज्ज्ञाच्या नियमित फेरीची सोय करता येईल का, समाजमंदिरात धरून चालण्याचे समांतर दांडे बसविता येतील का, याचा नियमांच्या चौकटीत विचार ग्रामसभेत व्हावा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत. मेंदूचा पक्षाघात, कंपवात, वाचा व भाषेचे अपंगत्व यांचा त्यांत समावेश आहे. पात्र व्यक्तीला प्रमाणपत्र मिळवून देणे हेही गावाचेच काम समजावे.

शिक्षकांना विनंती अशी की, जे मूल हाक मारल्यावर वळत नाही, फळ्याजवळ जाऊन वाचते किंवा एकच हात वापरते, त्याला मठ्ठ ठरविण्यापूर्वी तपासणीस पाठवावे. विद्यार्थ्यांना पक्षाघाताच्या तीन खुणा पाठ करून द्याव्यात : चेहरा एका बाजूला वाकडा होणे, एक हात गळून पडणे, जीभ जड होऊन बोलणे अस्पष्ट होणे. यांपैकी एक जरी अचानक दिसली, तरी घड्याळ पाहून वेळ ध्यानात ठेवावी आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मोठी रक्तवाहिनी बंद पडलेल्या पक्षाघातात दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा अंदाज आहे. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते आणि त्याआधी मेंदूचा सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. हा वेळ मालिश, अंगारा किंवा कबुतराच्या रक्ताचा लेप यांत दवडू नये. रुग्णाला तोंडाने पाणी वा औषधही पाजू नये, ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. आणि मुळात ही वेळच येऊ नये म्हणून तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने रक्तदाब तपासून घ्यावा, तंबाखू व मिश्री सोडावी, मोटारसायकलवर शिरस्त्राण घालावे.

माझ्या सहकारी अधिकाऱ्यांना विनंती अशी की, रुग्ण रुग्णालयातून घरी निघतो त्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि गावाला त्याची खबर मिळावी. पहिले तीन महिने मोलाचे असतात. नेमके त्याच काळात रुग्णालय त्याला विसरलेले असते आणि गावाने त्याला ओळखलेले नसते.

बंधुभगिनींनो, आपल्या शिरगावच्या किल्ल्याने पोर्तुगीज पाहिले आणि १७३९ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांचा विजयही पाहिला. तेवढ्या वर्षांत येथील समुद्राने किनारा किती वेळा कापला असेल आणि किती वेळा नव्याने घातला असेल! हातावेगळी झालेली वाळू पुन्हा भरून आणण्याचे काम भरती-ओहोटी करते, कारण ती रोज येते, एकही दिवस चुकवीत नाही. मेंदूलाही अशीच रोजची ये-जा हवी असते.

आज घरी जाताना आपल्या आळीतील एखाद्या पडवीत डोकावून पाहावे. तेथे कोपऱ्यात खाट असेल, तर ती आधी उजेडाच्या बाजूला सरकवावी. त्या माणसाशी नुसत्या कुशल प्रश्नांनी बोलून परत न फिरता त्याच्या दुबळ्या हातात जाळ्याचे सूत द्यावे, त्याने गाठ मारेपर्यंत जवळ बसावे. गाठ सुटेल. पुन्हा सूत द्यावे. आणि दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन विचारावे की, आमच्या अंगणात जाणकार माणूस केव्हा येणार?